मैत्रिणीच्या नावाचा दावा

वाड्याच्या वाटणीवरून भावाभावांत लागलेला दावा नातवंडांच्या हयातीपर्यंत चालतो, यात आपल्याकडे कुणाला नवल वाटत नाही. वाडा मात्र तोवर जागच्या जागी असतो. कौले गळतात, तुळयांना वाळवी लागते, पण निदान भिंती तरी दाखवता येतात. जिला भिंत नाही, कौल नाही, जी हातात धरता येत नाही की कुलूप लावून कोंडता येत नाही, अशा वस्तूवरून जाणत्या माणसांनी दोन तपे भांडावे, अमेरिकेच्या न्यायालयात वकील उभे करावेत, आणि तेही त्या वस्तूचा बाजार जवळजवळ उठून गेल्यावर, हे मात्र ऐकण्यासारखे आहे.

ही वस्तू म्हणजे अमिगा नावाच्या संगणकाची कार्यप्रणाली. तिला आजकाल घरोघरी ऑपरेटिंग सिस्टिम म्हणतात. मराठी शिकवून पोट भरणाऱ्या माणसाने या भानगडीत कशाला पडावे, असे कुणी विचारील. त्याला उत्तर असे की हे भांडण जितके यंत्राचे आहे तितकेच शब्दांचे आहे. एक नाव आणि एक हेतुवाचक शब्द, एवढ्या दोन खुंट्यांवर त्याचे सारे ओझे लटकले आहे.

मैत्रिणीचे बारसे

संगणकाचे यंत्र हे घर मानले, तर कार्यप्रणाली ही त्या घरचा कारभारी होय. कुणाला किती जागा द्यायची, कुणाचे काम आधी, कुणाचे मागून, पडद्यावर काय दाखवायचे, लिहिलेले कुठल्या फडताळात ठेवायचे, हे सारे तो पाहतो. कारभारी हुशार असला तर लहान घरही नेटके चालते. अमिगाचा कारभारी फार हुशार होता.

कॅलिफोर्नियात १९८२ साली स्थापन झालेल्या एका लहानशा कंपनीने हे यंत्र घडवले. जे मायनर हा तिचा मुख्य शिल्पकार. अमिगा हा स्पॅनिश शब्द. त्याचा अर्थ मैत्रीण. नाव गोड होतेच, शिवाय वर्णमालेत ते ॲपल आणि अटारी या दोघांच्याही आधी लागते, हा व्यवहारही त्यात साधला होता.

पण बारशाच्या आधीच भांडणाची पहिली ठिणगी पडली. पैशाची चणचण पडल्यामुळे या कंपनीने १९८४ साली अटारीकडून पाच लाख डॉलर उचल घेतली. वेळेत परतफेड न झाली तर यंत्राच्या मुख्य चिपांचे तंत्र अटारीच्या हाती जायचे होते. ऐन वेळी कमोडोर ही दुसरी कंपनी धावून आली, तिने कर्ज फेडायला पैसे दिले आणि पुढे अमिगा कंपनीच विकत घेतली. एवढ्यात कमोडोरचे संस्थापक जॅक ट्रॅमिएल कमोडोर सोडून अटारीच्या संगणक-विभागाचे मालक झाले, आणि १९८४ च्या ऑगस्टमध्ये त्यांनी त्या जुन्या उचलीवरून दावा ठोकला. तो पुढे आपसांत मिटला. पण पत्रिकेत कोर्टाचा योग होता, असे म्हणायला जागा झाली खरी.

२३ जुलै १९८५ रोजी न्यूयॉर्कच्या लिंकन सेंटरमध्ये अमिगाचे थाटात दर्शन झाले. अँडी वॉरहॉल हे नामांकित चित्रकार रंगमंचावर आले आणि त्यांनी गायिका डेबी हॅरी यांचे चित्र संगणकाच्या पडद्यावर रंगवून दाखवले. या यंत्राला ४०९६ रंग ठाऊक होते, चार वाहिन्यांतून ते गात होते, आणि एकाच वेळी अनेक कामे करीत होते. किंमत १२९५ डॉलर, पडदा वेगळा. त्या काळी कचेऱ्यांतले बहुतेक संगणक एका वेळी एकच काम करीत आणि हिरव्या अक्षरांत बोलत, हे ध्यानात घेतले म्हणजे लोक का भारावले ते कळेल.

कर्त्या माणसांचा जीव यंत्रात किती होता याची एक खूण सांगतो. पहिल्या अमिगाच्या झाकणाच्या आतल्या बाजूला साऱ्या मंडळींच्या सह्या उठवलेल्या आहेत, आणि त्या सह्यांत जे मायनर यांच्या मिची नावाच्या कुत्रीच्या पंजाचा ठसाही आहे. दुसरी खूण आपल्या कानाला ओळखीची वाटेल. यंत्र अडून बसले की पडद्यावर काळ्या पाटीवर लाल अक्षरे उमटत: ‘गुरु मेडिटेशन’. म्हणजे गुरूंची समाधी लागली आहे! या मंडळींनी पूर्वी पायाखाली घेऊन तोल सांभाळण्याची एक खेळाची पाटी बनवली होती. यंत्र कोसळले की ते तीवर मांडी घालून, अजिबात न हलता बसून राहत, अशी ती कथा आहे. आपल्या गुरूला कुठे कुठे जाऊन बसावे लागते!

या घरातली काही भांडी पहिल्यापासून उसनी होती, हेही येथेच नोंदवावे. फायली सांभाळणारा भाग वेळेत तयार होईना, म्हणून केंब्रिजमध्ये जन्मलेल्या ट्रायपॉस नावाच्या प्रणालीवरून तो एका ब्रिटिश कंपनीने बेतून दिला. अमुक एक वस्तू संपूर्णपणे अमक्याचीच, असे म्हणणे या व्यवसायात आरंभापासूनच कठीण असते.

वारसांची रांग

यंत्र उत्तम, पण कंपनीचा कारभार तसा नव्हता. २९ एप्रिल १९९४ रोजी कमोडोरने दिवाळे जाहीर केले. पुढे दोन महिन्यांच्या आत, २० जून रोजी, जे मायनर वारले. एकाच ऋतूत घर आणि घर बांधणारा दोन्ही गेले.

मग मालमत्ता हातोहात फिरू लागली. १९९५ साली एस्कॉम या जर्मन कंपनीने ती घेतली. पुढच्याच वर्षी एस्कॉमचेही दिवाळे निघाले. १९९७ साली गेटवे या अमेरिकन कंपनीने ती घेतली. तिचा डोळा मुख्यतः पेटंटांवर होता. १९९९ च्या अखेरीस गेटवेने पेटंटे स्वतःकडे ठेवली आणि नाव व बाकीचे हक्क अमिनो नावाच्या लहान कंपनीला दिले. तिने लगेच स्वतःचे नाव बदलून अमिगा इन्कॉर्पोरेटेड असे घेतले.

येथे थोडे थांबून तीन गोष्टी वेगळ्या केल्या पाहिजेत. त्या न केल्यामुळेच पुढला गोंधळ झाला. आजीच्या हातच्या लोणच्याचे उदाहरण घेऊ. लोणच्याची कृती आजीने वहीत लिहून ठेवली आहे. त्या लेखनावरचा हक्क म्हणजे कॉपीराइट. बरणीवरचे ‘आजीचे लोणचे’ हे नाव आणि त्याखालचे चित्र म्हणजे ट्रेडमार्क, आपल्या भाषेत व्यापारचिन्ह. आणि ‘वहीवरून तू लोणचे घाल, पण अमुक अटींवर’ अशी जी चिठ्ठी धाकट्या सुनेला मिळते, ती म्हणजे लायसन्स, परवाना. वही एकीकडे, बरणीवरचे नाव दुसरीकडे आणि चिठ्ठी तिसरीकडे असली, तर लोणचे कुणाचे? आजी असताना हा प्रश्न उद्भवत नाही. आजी गेली की दुसऱ्या दिवशी उद्भवतो.

मित्रांचा करार

३ नोव्हेंबर २००१ रोजी तिघांनी एक करार केला. नावाची मालकीण अमिगा इन्कॉर्पोरेटेड, वॉशिंग्टन राज्यातली. यंत्राची पाटी बनवणारी आयटेक, इंग्लंडमधली. आणि प्रत्यक्ष कार्यप्रणाली नव्याने लिहिणारी हायपेरियन, बेल्जियममधली. जुन्या अमिगाचा प्रोसेसर मागे पडला होता. नव्या पॉवरपीसी जातीच्या प्रोसेसरसाठी चौथी आवृत्ती हवी होती. काम काही महिन्यांचे ठरले. लागली पाच वर्षे, आवृत्ती ४.० पूर्ण होऊन बाहेर पडली ती २००६ च्या डिसेंबरात, नाताळच्या आदल्या दिवशी.

करारातली दोन कलमे महत्त्वाची. एक असे की पंचवीस हजार डॉलर दिले की नव्या लेखनाचे मूळ, ज्याला सोर्स कोड म्हणतात, ते अमिगाला मिळावे. दुसरे असे की काम पुरे होण्याआधी अमिगाची सांपत्तिक स्थिती ढासळली तर हायपेरियनचे हक्क अबाधित राहावेत. दोन्ही कलमे शहाणपणाची दिसतात. पण पंचवीस हजार पोचले की नाही, पोचले तर कशापोटी पोचले, आणि स्थिती ढासळली म्हणजे नेमके काय झाले म्हणजे ढासळली म्हणायचे, हे सारे पुढे वादाचे ठरले.

त्यात आणखी एक वळण आले. मूळ कंपनीकडून हक्क केमॉस नावाच्या दुसऱ्या कंपनीकडे गेले आणि तिने पुढे स्वतःचे नाव अमिगा इन्कॉर्पोरेटेड असेच ठेवले. नाव तेच, कायद्याने व्यक्ती निराळी. पानिपतानंतर सदाशिवरावभाऊंच्या नावाने एक इसम उभा राहिला तेव्हा पुण्यात हाच प्रश्न पडला होता: हेच का ते? तो तोतया ठरला. येथे तोतया कुणी नव्हता, सारा व्यवहार कागदोपत्री झाला होता. पण जिच्याशी आपण करार केला ती ही नव्हे, असे म्हणायला हायपेरियनला जागा मिळाली.

नावाचा मोह किती असतो याचाही याच सुमारास दाखला मिळाला. अमेरिकेतल्या केंट गावी नवे क्रीडागृह होत होते. त्याला पैसे देऊन अमिगाचे नाव द्यायचा बेत जाहीर झाला. पैसे काही वेळेवर आले नाहीत आणि बेत बारगळला. घरात चूल पेटण्याची भ्रांत, आणि वेशीवर नावाची कमान!

२००७ च्या एप्रिलमध्ये अमिगाने हायपेरियनविरुद्ध सिएटलच्या संघीय न्यायालयात दावा लावला. अडीच वर्षे कागद हलले. ३० सप्टेंबर २००९ रोजी तडजोड झाली आणि सर्वांनी सुटकेचा निःश्वास टाकला.

‘साठी’चे व्याकरण

तडजोडीत ठरले ते थोडक्यात असे. अमिगा हे मूळ नाव अमिगाकडेच राहील. हायपेरियनला कार्यप्रणालीच्या ३.१ या जुन्या आवृत्तीवर जगभर चालणारा, कायमचा आणि तिच्या एकटीचाच हक्क मिळेल. आणि तो चौथी व पुढच्या आवृत्त्या घडवण्यासाठी, सुधारण्यासाठी, विकण्यासाठी मिळेल.

वाचकहो, यातल्या ‘साठी’कडे पाहा. वर्गात आम्ही याला हेतुवाचक म्हणतो, फळ्यावर एक वाक्य लिहितो आणि पुढे जातो. न्यायालयात तो एवढ्यावर सुटत नाही.

समजा, वडिलांनी मुलाला लिहून दिले, ‘जुन्या वाड्याचे सागवान नवे घर बांधण्यासाठी तुला दिले आहे.’ मुलगा म्हणतो, सागवान मला दिले, कायमचे दिले, एकट्याला दिले. घर बांधीन, नाहीतर त्यातले चार वासे रंधून पेट्या करीन आणि विकीन. चुलते म्हणतात, दिले ते घर बांधण्यासाठी. पेट्या करून विकण्यासाठी नव्हे. एक जण वाक्यातल्या ‘दिले’वर बोट ठेवतो, दुसरा ‘साठी’वर. दोघेही मराठी शुद्धच वाचतात.

नेमके हेच घडले. हायपेरियनने जुन्या, अस्सल अमिगा यंत्रांसाठी ३.१ ची सुधारलेली आवृत्ती काढली. २०१८ च्या सप्टेंबरात ३.१.४ बाहेर पडली आणि २०२१ च्या मेमध्ये ३.२. लोकांनी त्या आनंदाने घेतल्या, कारण ज्या यंत्रांना कित्येक वर्षे कुणी विचारले नव्हते त्यांची डागडुजी होत होती. पण दुसऱ्या बाजूला क्लोआंटो ही कंपनी होती. तिची मुळे इटलीत. आजच्या संगणकावर जुना अमिगा चालवून दाखवणारा ‘अमिगा फॉरएव्हर’ हा संच ती १९९७ पासून विकत होती, आणि त्यात ३.१ रीतसर परवान्याने देत होती. पुढे कमोडोरच्या काळातल्या लेखनाचे स्वामित्वहक्कही तिने मिळवले. तिचे म्हणणे सरळ होते: ३.१ तुम्हाला दिली ती चौथी आवृत्ती घडवण्यासाठी. खुद्द तिसरी विकण्यासाठी नव्हे.

झाले. २०१७-१८ पासून दोन्ही बाजू पुन्हा अमेरिकन न्यायालयांत उभ्या राहिल्या. लेखनाचे हक्क, नावाचे हक्क, चिन्हाचे हक्क, तडजोडीचा भंग कुणी केला, सारेच निघाले. २०१९ साली अमिगा इन्कॉर्पोरेटेडची नावे व हक्क क्लोआंटोच्या संस्थापकाने उभारलेल्या कंपनीकडे गेले आणि तिने अमिगा कॉर्पोरेशन असे नाव घेतले. म्हणजे बरणीवरचे नाव आणि आजीची वही एका अंगणात आली; चिठ्ठी मात्र दुसऱ्या अंगणातच राहिली.

पंगतीतली माणसे

आता कुणी म्हणेल, दोन लहान कंपन्यांचे भांडण. जगाचे त्यात काय बिघडले? जगाचे काही बिघडले नाही. पण ज्यांचे बिघडले त्यांचे नाव एकाही करारात नाही, म्हणून त्यांच्याविषयी दोन शब्द लिहिणे अगत्याचे वाटते.

हे लोक मुख्यतः युरोपातले. १९८७ साली स्वस्त अमिगा ५०० आला तेव्हा ते शाळेत होते. त्यावर ते खेळले, चित्रे काढायला शिकले, गाणी रचायला शिकले, आणि पुष्कळ जण त्यावरच प्रोग्रॅम लिहायला शिकून पोटाला लागले. अमिगावर उभे केलेले चित्रदृश्य अमेरिकेत दूरचित्रवाणीवरही गेले. ‘बॅबिलॉन ५’ या मालिकेची पहिली अंतराळयाने याच यंत्रांवर उडाली. त्यातली कित्येक माणसे आज पन्नाशी ओलांडून गेली आहेत. चौथ्या आवृत्तीसाठी त्यांनी महागडी नवी यंत्रे घेतली, वर्षानुवर्षे वाट पाहिली. आणि नव्या आवृत्त्यांतले पुष्कळसे काम यांच्यातल्याच माणसांनी नोकरीधंदा सांभाळून, रात्री जागून, हौसेने केले आहे.

दाव्याचा भार त्यांच्यावर कसा पडतो पाहा. जुने यंत्र मोडले, पण आपण १९९० साली काढलेले चित्र पुन्हा पाहावे असे एखाद्याला वाटते. त्यासाठी नव्या संगणकावर अमिगाचे सोंग घेणारा प्रोग्रॅम मिळतो. पण त्याला मूळ अमिगाच्या रॉममधले, किकस्टार्ट नावाचे लेखन लागते, आणि त्यावर कुणाचा ना कुणाचा हक्क आहेच. ते विकत घ्यायचे तर कुणाकडून घ्यावे म्हणजे आपण चोर ठरणार नाही, हा साधा प्रश्न एका प्रामाणिक गिऱ्हाइकाला वर्षानुवर्षे पडावा, ही या सगळ्यातली खरी हानी. दरम्यान फ्लॉपीवरचा चुंबकी लेप आपल्या गतीने विटत असतो.

कंटाळलेल्यांनी आपापले मार्ग शोधले. १९९५ सालीच काही जणांनी आरोस नावाची प्रणाली आरंभली: मूळ लेखनाला हात न लावता, तिच्यासारखे वागणारे सर्व काही पहिल्यापासून स्वतः लिहायचे, आणि ते सर्वांना खुले ठेवायचे. दुसऱ्या काहींनी मॉर्फओएस वेगळी मांडली. दोन्ही चूली आजही पेटत्या आहेत. पण जी माणसे एका पंगतीला बसायची ती तीन घरांत वाटली गेली, आणि मुळात थोडी असलेली माणसे तिन्ही घरी आणखी थोडी झाली.

लिनक्सची गोष्ट याच्याशी ताडून पाहण्यासारखी आहे. नावाचे संकट तिच्यावरही आले होते. बोस्टनच्या एका वकिलाने १९९४ साली ते नाव स्वतःच्या नावे नोंदवण्याचा अर्ज केला आणि पुढे ते वापरणाऱ्यांकडून पैसे मागितले. लोक एकजुटीने उभे राहिले, आणि १९९७ साली ते नाव मूळ कर्त्याकडे, लिनस टॉरव्हॉल्ड्सकडे, आले. तेथे हे तीन वर्षांत निभावले याचे कारण असे की कृतीची वही १९९२ पासूनच सर्वांसाठी उघडी होती. ज्याला हवे त्याने वाचावी, सुधारावी, पुढे द्यावी, अशी त्या परवान्याची मुभा. भांडायला फक्त बरणीवरचे नाव उरले होते. लोणचे कुणालाच अडवता येत नव्हते. अमिगाच्या घरी नाव, वही आणि चिठ्ठी तिन्ही कुलपात, आणि तिन्ही कुलपांच्या किल्ल्या वेगवेगळ्या खिशांत.

या कथेत खलपुरुष शोधू गेलो तर मला तो सापडत नाही. ज्याने नाव घेतले त्याने पैसे मोजून घेतले. ज्याने लिहिले त्याने खपून लिहिले. ज्याने जुने जपले त्याने जुन्यावरील मायेनेच जपले. तिघांपैकी एकालाही अमिगा मरावी असे वाटत नव्हते. आपल्या वाड्यांच्या वाटण्यांतही बहुधा हेच असते. प्रत्येकाला वाडा हवा असतो, म्हणूनच वाडा पडतो.

जुनी माणसे सांगत, आधी लिहावे आणि मग द्यावे. या मंडळींनी आधी लिहिलेच होते, एकदा नव्हे तर दोनदा. पण जे लिहिले ते स्नेहाच्या भरात किंवा सुटकेच्या घाईत लिहिले. आणि स्नेह असताना ‘साठी’चा अर्थ कुणाला विचारावासा वाटत नाही. तो विचारण्याची वेळ तीच असते. घराचा, दुकानाचा, छापखान्याचा किंवा भागीदारीचा कागद करताना आपल्यापैकी कुणी एवढे जरी ध्यानात ठेवले, की हा कागद आपल्यासाठी नसून आपल्या पश्चात तो हाती घेणाऱ्या परक्या माणसासाठी आहे, तर सातासमुद्रांपलीकडच्या या मैत्रिणीचे आपल्यावर थोडे उपकार झाले असे होईल. तिच्या नावाचा अर्थही मग फुकट जाणार नाही.